पिनामेनचे कान

पिनामेनचे कान तिखट आहेत हे ती सात वर्षांची असतानाच सगळ्यांना कळलं होतं. वसंतात रानातल्या तंबूत माणसं चहा पीत बसलेली असायची, आणि ही पोर मधेच म्हणायची, "आले." कोण आले? तर बदकं. मोठी माणसं हसायची, दुसरा कप ओतायची, आणि तो संपत आला की टेकडीवरून खरंच बदकांची रांग दिसायची. हिवाळ्याच्या तोंडाशी, तळ्यावरचा बर्फ कोवळा असताना, बाप तिला सगळ्यांच्या पुढे चालायला लावायचा. ती थांबली की रांग थांबायची. "इथे खाली पाणी बोलतंय," असं ती म्हणाली की रांग वळायची. बाप कौतुकाने म्हणायचा, "लोकांकडे कुत्री आहेत, माझ्याकडे पिनामेन आहे." त्यावर आई चिडायची, "पोटच्या पोरीला कुत्रं म्हणतोस, जीभ कशी रेटते तुझी!"

अठराव्या वर्षी तिचं शिनापेस्तशी लग्न झालं. शिनापेस्त डफवाला होता. आमच्या इन्नू लोकांत डफ कुणीही उचलून वाजवत नाही. तो आधी तीनदा स्वप्नात यावा लागतो, तेव्हा कुठे माणसाने त्याला हात लावायचा. शिनापेस्तच्या स्वप्नात तो तिसऱ्यांदा आला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. डफ म्हणजे लाकडाचं कडं, दोन्ही बाजूंनी ताणलेलं कॅरिबूचं, म्हणजे रानातल्या मोठ्या हरणाचं, कातडं, आणि कातड्यावरून आडवी गेलेली आतड्याची दोरी. त्या दोरीवर पिसांच्या देठांचे बारीक तुकडे ओवलेले असतात. डफ तंबूच्या आडव्या दांड्याला टांगायचा आणि बसून गात गात वाजवायचा. वाजवता वाजवता कातड्यावर बारीक ठिणग्या दिसतात आणि जनावर कुठे आहे ते कळतं. शिनापेस्तच्या बापाने त्याला आणखी एक खूण सांगून ठेवली होती. गाणं संपवून काठी खाली ठेवायची आणि गप्प राहायचं. कधी कधी कुणी हात न लावता ती दोरी आपली आपण गुणगुणते. ते उत्तर असतं. डफाचं तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला निघायचं.

"तो बघतो, मी ऐकते," पिनामेन नव्या नवरीच्या तोऱ्यात म्हणायची. "बिचाऱ्या कॅरिबूने जायचं तरी कुठे?"

पुढे सरकारने तळ्याकाठी घरं बांधली, शाळा काढली, आणि माणसं रानातून गावात आली. पिनामेनला पाच मुलं झाली. मुलं शाळेत गेली, आणि शाळेत गेलेली मुलं रानात जायला कंटाळू लागली. तरी वसंतात दोन महिने आणि पानगळीत दोन महिने ही दोघं रानात जायचीच. गावात शिनापेस्त म्हणजे खुर्चीत बसलेला एक म्हातारा होता. रानात गेला की तोच माणूस फांद्या तोडायचा, जाळी लावायचा, बायकोची थट्टा करायचा.

मग विमानं आली.

गावापासून तासाभराच्या वाटेवर लष्कराचा तळ होता. तिथे परदेशांतून वैमानिक यायला लागले, जमिनीलगत उडायला शिकण्यासाठी. त्यांच्या देशांत माणसं फार, इथे म्हणे कुणीच राहत नाही. शंभर फुटांवरून, नदीच्या खोऱ्यात शिरून, टेकड्यांच्या आडोशाने ती विमानं जायची. बाकीच्यांना ती आधी दिसायची, नंतर आवाज यायचा. आवाज येतो म्हणणंही खरं नाही, तो अंगावर पडतो. तंबूच्या काठ्या हलतात, स्प्रूसच्या झाडांवरचा बर्फ खाली कोसळतो, मुलं जिथे असतील तिथे तोंडावर पडतात, आणि मग तेलाचा वास राहतो. पिनामेनला मात्र दोन-तीन श्वास आधी कळायचं. त्या दोन-तीन श्वासांत करता येण्यासारखं काहीच नसायचं. "खाली बसा!" एवढं ओरडायचं, आणि बाकीच्यांच्या आधी घाबरून घ्यायचं. कानांचा एवढाच उपयोग उरला होता.

बदकांची वाट बघावी तशी आता ती विमानांची वाट बघायची. मनाला कितीही बजावलं तरी कान मोकळे होत नसत. टोपीखाली दोन रुमाल बांधून बघितले, कापूस घालून बघितला. नणंद अकात म्हणायची, "अगं, माझे घे. एक बहिरा आहे आणि दुसरा सोयीनुसार चालतो."

ही गोष्ट आहे त्या वसंतातली. शिनापेस्तला चौऱ्याहत्तर पूर्ण झाली होती. गुडघे गेले होते. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं की पुढच्या वर्षी रानात जायचं नाव काढायचं नाही. म्हणजे हा शेवटचा वसंत. आणि गेली सहा वर्षं डफ बोलला नव्हता. सहा वर्षांपूर्वी लांब तळ्यावर त्याने उत्तर दिलं होतं, त्या दिशेला माणसं गेली, आणि दोन कॅरिबू मिळाले होते. त्यानंतर शिनापेस्त दर खेपेला वाजवायचा, गायचा, काठी ठेवायचा, थांबायचा. दोरी गप्प. "चूक माझी असेल," तो म्हणायचा. "गावात राहून माझ्या अंगाला खोक्यातल्या दुधाचा वास यायला लागलाय. त्याला ओळख पटत नसेल." हसून म्हणायचा, पण पिनामेनला ते हसू ऐकवत नसे. तिला मांसाची फिकीर नव्हती. म्हाताऱ्याला एकदा, जायच्या आधी एकदाच, उत्तर मिळावं एवढंच तिचं मागणं होतं. ते ती येशूकडेही मागायची आणि जनावरं माणसाकडे धाडणाऱ्या कॅरिबूंच्या धन्याकडेही. दोघांपैकी ज्याला वेळ असेल त्याने ऐकावं.

निघण्याआधी तळावरचा एक अधिकारी गावात नकाशा घेऊन आला होता. चांगला माणूस होता, बूट बाहेर काढून घरात आला. म्हणाला, तुम्ही कुठे तळ ठोकणार ते सांगा, मी तिथे गोल काढतो, त्या गोलात विमानं येणार नाहीत.

शिनापेस्तने धाकट्या मुलाला, तुमाला, विचारलं, "काय म्हणतो?"

तुमाने सांगितलं.

"त्याला विचार, कॅरिबूंनी त्याला त्यांचा पत्ता दिलाय का? दिला असेल तर मलाही दे म्हणावं. मग मी नक्की सांगतो मी कुठे असेन."

सगळे हसले, अधिकारीही हसला. शेवटी पहिला तळ जिथे पडणार होता त्या तळ्यावर पिनामेननेच बोट ठेवलं आणि अधिकाऱ्याने तिथे लाल गोल काढला.

एप्रिलमध्ये पायांना बर्फावर घसरायच्या पट्ट्या लावलेल्या छोट्या विमानाने चौघं त्या तळ्यावर उतरली. शिनापेस्त, पिनामेन, अकात आणि तुमा. तुमा चाळिशीचा, बायको-मुलं गावात ठेवून आला होता, कारण बापाला एकटं सोडायचं नव्हतं. डफाबिफावर त्याचा विश्वास नव्हता, पण बापासमोर तो तसं कधी बोलला नाही. तंबू लागला, खाली स्प्रूसच्या कोवळ्या फांद्यांची बिछायत झाली, पत्र्याची चूल पेटली. गोलाने आपलं काम केलं म्हणायचं. तीन आठवडे डोक्यावरून एकही विमान गेलं नाही. लांब, नदीच्या खोऱ्यात, दोन टेकड्यांपलीकडे ती जात होती. ते फक्त पिनामेनलाच कळत होतं. कधी डास डब्यात कोंडावा तसा आवाज, कधी नुसताच कानात दाब.

तीन आठवड्यांत मिळालं ते असं. बर्फाला भोक पाडून मासे, काही पांढरे तित्तर, एक साळिंदर. साळिंदर अकातने चुलीवर भाजलं, आणि वाटणी करता करता निम्मं तिच्याच तोंडात गेलं. कॅरिबू नाही. पीठ आठवड्याभराचं उरलं होतं. त्यानंतर रेडिओवरून विमान बोलवायचं की काय करायचं, हे कुणी तोंडातून काढत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी शिनापेस्तने डफ पिशवीतून काढला. चुलीच्या धगीवर दोन्ही बाजू शेकल्या, बोटाने टकटक करून ताण बघितला आणि दांड्याला टांगला. बराच वेळ गायला. आवाज फाटत होता, पण ठेका सुटला नाही. मग त्याने काठी मांडीवर ठेवली. तंबूत चुलीतल्या लाकडाशिवाय कसलाच आवाज नव्हता.

आणि दोरी गुणगुणली.

आधी इतकी बारीक, की अकातला ती नुसती दिसली, ऐकू आली नाही. पिसांचे देठ थरथरत होते. मग आवाज वाढला, मधमाशी फुलात शिरल्यासारखा. शिनापेस्तचे दोन्ही हात मांडीवर होते. डफ हळूच वळला, पूर्वेला तोंड करून थांबला, गुणगुणत राहिला आणि गप्प झाला.

शिनापेस्तच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलंही नाही. "सहा वर्षं," तो म्हणाला. "सहा वर्षं रुसला होता."

तुमा तोंड उघडं टाकून बघत होता. मग तो आईकडे वळला. गावात काय, रानात काय, कसलाही आवाज झाला की माणसं पिनामेनच्या तोंडाकडे बघायची. ती सवयच होती. "आई," तो हळूच म्हणाला, "विमान नाही ना?"

पिनामेनने ऐकलं होतं. पूर्वेला नदीच्या खोऱ्यात डास डब्यात शिरला होता. दोरी वाढली तेव्हा तो वाढला, दोरी थांबली तेव्हा तो थांबला.

तिने म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असा चेहरा तिने शेवटचा कधी पाहिला होता ते तिला आठवेना.

"नाही," ती म्हणाली.

नंतर भांडी घासताना तिने स्वतःची समजूत घातली. कॅरिबूंच्या धन्याला बोलायचंच असेल तर त्याने कुठल्याही आवाजातून बोलावं, त्याला कोण अडवणार? आणि म्हाताऱ्याचे गुडघे असे. उद्या अर्धा दिवस चालेल, दमेल, आणि आपणच म्हणेल, चला परत. अर्धा दिवस मिरवू दे त्याला. एका बाईने नवऱ्याला अर्धा दिवस दिला तर आभाळ कोसळत नाही.

सकाळी तिघं निघाली. अकातचा घोटा सुजला होता, ती मागे राहिली. "जा तुम्ही. अस्वल आलंच तर मी त्याच्याशी बोलेन. माझ्या बोलण्यापुढे माझा नवरा टिकला नाही, अस्वल काय टिकतंय?" तंबूत पीठ अर्धं ठेवलं, अर्धं घेतलं. बंदूक एकच होती, ती तुमाच्या खांद्यावर. घसरगाडीवर छोटा तंबू, भांडं, कुऱ्हाड, आणि सगळ्यांच्या वर पिशवीतला डफ.

शिनापेस्त अर्ध्या दिवसात दमला नाही. जाळीचे जोडे बर्फावर टाकत तो असा चालला की तुमाला ओढावी लागणारी घसरगाडीच मागे पडू लागली. "काय रे पोरा," तो वळून ओरडायचा, "तुझ्यासाठी माझी गावातली खुर्ची चाकं लावून आणायला हवी होती!" संध्याकाळी त्याने स्वतः फांद्या तोडल्या, पिनामेनला हात लावू दिला नाही. झोपताना म्हणाला, "धनी म्हातारा झाला नाही गं. मीच उगीच संशय घेतला." तिने त्याचे गुडघे तेलाने चोळून दिले. तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द दातांपर्यंत आले होते. पण सुजलेले गुडघे दाखवून तो असा हसत होता, जणू ते कुणा दुसऱ्याचे आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नदीच्या कड्यावर पोचली. खाली खोल खोरं, नदीवर निळसर पडलेला बर्फ. कॅरिबूचं पाऊल नाही, लीद नाही, कुठे झाडाची साल घासलेली नाही. तुमा चहासाठी वाळक्या काटक्या मोडत होता. शिनापेस्त घसरगाडीवर बसला होता, एक हात डफाच्या पिशवीवर, जसा कुणी लेकराच्या डोक्यावर ठेवावा.

अचानक त्याने दुसरा हात वर केला. चेहरा उजळला. "बोलतोय," तो म्हणाला. "पिशवीतच बोलतोय. हाताला कळतंय मला. काटक्या मोडू नको, तुमा. जवळच आहेत!"

पिनामेन म्हणाली, "शिनापेस्त, खाली बस."

"अगं, बसलोय की."

मग ती आली. डोक्यावरून आली नाहीत, पायांखालून आली. खोऱ्यातून, एकामागोमाग तीन, कड्याच्याही खाली, इतकी खाली की वरून वैमानिकांची शिरस्त्राणं दिसली. पिवळा पट्टा असलेलं एक तर पिनामेनला अगदी स्पष्ट दिसलं. कडा हादरला. बर्फाचा पांढरा धूर उठला, तुमा चुलीसाठी मांडलेल्या काटक्यांवर पडला. नदीच्या वळणाशी विमानं आडवी झाली आणि नाहीशी झाली.

शिनापेस्त तसाच बसला होता. हात पिशवीवर होता. आवाज विरत गेला तसतशी त्याच्या तळव्याखालची थरथर विरत गेली, आणि तो ती शेवटपर्यंत तपासत राहिला. मग त्याने पिशवीचा बंद सोडला, डफ बाहेर काढला आणि मांडीवर उभा धरला.

"चला बाबा," तुमा म्हणाला. "इथे नको."

"थांब."

पाव तासाने दुसरी दोन आली. दोरी आधी थरथरली, मग ती दिसली. शिनापेस्तने विमानांकडे पाहिलंच नाही. तो पिसांच्या देठांकडे बघत होता. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटून घेतले. खोरं रिकामं होतं, आभाळ रिकामं होतं. त्याने बोट वर केलं. मग तुमाने एक, दोन, तीन, चार असे श्वास मोजले, आणि वळणातून विमान बाहेर पडलं.

शिनापेस्तने डोळे उघडले ते पिनामेनकडे बघतच. ती केव्हाची वळणाकडे मान वळवून बसली होती. बोट वर व्हायच्याही आधीपासून. तिला ते कळलं, पण मान परत वळवायला उशीर झाला होता.

त्याने डफ पिशवीत घातला, बंद बांधला. परतीच्या वाटेला दोन दिवसांऐवजी तीन लागले. गुडघे आता त्याचे त्यालाच परत मिळाले होते. शेवटच्या दिवशी तुमाने त्याला घसरगाडीवर बसवलं आणि ओढत आणलं. पिनामेन मागून ढकलत होती. म्हाताऱ्याची पाठ तिच्या हातभर अंतरावर होती, आणि ती पाठ एकदाही वळली नाही.

तळ्यावर पोचली तेव्हा अकात तंबूबाहेर ओंडक्यावर बसली होती. ती उठली नाही. तिच्यासमोर सगळं तळं खुरांनी तुडवलेलं होतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, पिठात बोटं खुपसावीत तसं.

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या सकाळी," ती म्हणाली. "चाळीस असतील. पन्नासही असतील. मागच्या टेकडीवरून उतरले आणि तळ्यावर बसले. बसले रे! गाभण माद्या, पाय पोटाशी घेऊन, अंगणातल्या कुत्र्यांसारख्या. दीड दिवस. इथे आवाज नाही ना कसला, म्हणून. मी म्हटलं, थांबा गं बायांनो, येतोय तो. कुऱ्हाड घेऊन गेले पुढे. एकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला इतकी लाज वाटली, परत आले." ती हसायला गेली आणि तोंड वेडंवाकडं झालं. "बंदूक असती तर बसल्या जागेवरून मी, एका डोळ्याने आंधळी, तीन तरी पाडले असते."

तुमा चहाही न घेता मागावर गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत परत आला. बर्फ मऊ पडायला लागला होता, कमरेपर्यंत रुतत होतं. माग पश्चिमेला गेले होते, पुढे कळप फुटला होता, पावलं लांब लांब पडली होती. धावत गेलेली जनावरं. कशाला भ्याली ते पाऊल सांगत नाही.

त्यानंतरच्या दुपारी तुमा आणि अकात जाळी काढायला तळ्यावर गेले. तंबूत दोघंच होती. शिनापेस्त फांद्यांवर पाय पसरून बसला होता. पिनामेनने शेवटच्या पिठाची भाकरी चुलीवर टाकली होती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"डफ वाजत होता तेव्हाच."

"हो."

"तुमाने तुला विचारलं."

तिने भाकरी उलटली. एक कड चुलीच्या पत्र्याला चिकटली. "तुझा चेहरा बघितला मी," ती म्हणाली. "तुझा चेहरा बघून माझ्याच्याने नाही बोलवलं. मला वाटलं अर्धा दिवस. अर्ध्या दिवसात तू परत फिरशील."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या रागाची तिला पन्नास वर्षांची सवय होती, त्याला पुरून उरायला ती शिकली होती. पण तो रागावलेला नव्हता. मनातल्या मनात मागे मागे जात होता. ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. एखादा माणूस हरवलेली सुरी शोधायला आपलीच पावलं धरून उलटा जातो, तसा.

"माझ्या बापाच्या वेळी विमानं नव्हती," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे त्याचं सगळं खरं."

"तुझंही खरं. विमानं आता आली. त्याआधी तू चाळीस वर्षं..."

"त्याआधीचं सोड. तेव्हाचं मला ठाऊक आहे." तो थोडा पुढे झुकला. "सहा वर्षांपूर्वी. लांब तळ्यावर. तेव्हा विमानं होती. कमी होती, पण होती. त्या दिवशी तो बोलला. तू माझ्या शेजारी बसली होतीस, मोजे विणत होतीस. तेव्हा तुला काय ऐकू आलं?"

पिनामेनने चुलीवरून हात काढला. तो दिवस तिला लख्ख आठवत होता. ऊन होतं, वारा पडला होता, तळ्यापलीकडे एक कावळा ओरडला होता, आणि दोरी गुणगुणली तेव्हा जगात दुसरा कसलाच आवाज नव्हता. नदीकडून नाही, आभाळातून नाही, कुठूनच नाही. तिने तेव्हा मुद्दाम कान दिला होता, कारण तीही मनातून धास्तावलेली होती. आणि दुसरं काहीच नाही असं कळून तिच्या अंगावर काटा आला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "काहीसुद्धा नाही, शिनापेस्त. नुसता तोच बोलत होता. मी शपथ घेते. पोरांची शपथ घेते."

तो तिच्याकडे बघत राहिला. पन्नास वर्षं हा माणूस तिच्या कानांवर भरवसा ठेवून कोवळ्या बर्फावर चालला होता. ती म्हणेल तिथे पाऊल टाकलं होतं, ती म्हणेल तिथून मागे फिरला होता. कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

"काहीच नाही?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"बरं," तो म्हणाला.

बर्फावर पाऊल टाकताना आधी काठीने ठोकून बघावं, तसा तो शब्द होता. आणि काठीखाली बर्फ लागला की पाणी, हे त्याला कळलं नव्हतं, आणि आता कधी कळणारही नव्हतं. आता खरं सांगणारं तोंड आणि आठवड्यापूर्वी खोटं बोललेलं तोंड, दोन्ही एकच होतं, तिचं. तिने भाकरी उतरवून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती मोडली, मोठा तुकडा तिला दिला, नेहमीसारखा.

तुमा परत आल्यावर शिनापेस्तने त्याला रेडिओ लावायला सांगितला. तुमाने दोन झाडांमध्ये तार ओढली, गावाला निरोप दिला की वारा नसेल तर परवा विमान पाठवा. मांस मिळालं का, असं पलीकडून कुणीतरी विचारलं. तुमा बापाकडे वळला. शिनापेस्त तंबूच्या खुंट्यांवरचा बर्फ जोड्याने सरकवत होता, परवा त्या लवकर निघाव्यात म्हणून.

"नाही म्हणून सांग," तो म्हणाला. "आणि कारण विचारलं तर म्हणावं, मी म्हातारा झालो."